तारमास्तरांचा खटका

यवतमाळात आम्ही भाड्याच्या खोल्या पाहायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला आधी वीज बंद कशी करायची ते शिकवलं. लावायची कशी हे सांगायचं ते विसरले, आणि नव्या घरातली आमची पहिली संध्याकाळ कंदिलाच्या उजेडात गेली.

महाराष्ट्र होऊन एखाददुसरं वर्ष झालं होतं. आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागलेली. घरमालक तारखात्यातून निवृत्त झाले होते. नेर, वणी, दारव्हा असं करत शेवटची वर्षं त्यांनी यवतमाळात काढली होती, म्हणून सगळं गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. अंगाने ठेंगणे आणि काटक. उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट घालायचे. मालकीणबाई, म्हणजे काकू, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट रुंद. दोघं बाजारात निघाली की मास्तर दोन पावलं पुढे चालायचे. शेजारून चालले तर लोक उंची मोजतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरात जिथे तिथे खटके होते. रेडिओला एक खटका रेडिओवर, दुसरा दाराजवळ आणि तिसरा अंगणातल्या कडुलिंबाच्या खोडावर. दारावरच्या घंटीचा आवाज नको असेल तर तीही बंद करता यायची. प्रत्येकाखाली लाल रंगात, वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'बंद करण्याकरिता खाली'.

"चालू करायले अक्कल नाही लागत, बाई," ते मला म्हणाले. "बंद करता आलं पाह्यजे. दिवा म्हणा, नळ म्हणा, भांडण म्हणा."

"भांडण कसं बंद करायचं?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे बोट दाखवलं. तिथे एक पितळी खटका होता. त्याला एकही तार नव्हती. काकूंचं बोलणं लांबलं की मास्तर जेवता जेवता उठायचे, तो खटका खाली करायचे आणि परत पाटावर येऊन बसायचे. काकू भाकरी थापत म्हणायच्या, "दाबा, दाबा. तो खटका तुमच्या कानाचा हाय, माह्या तोंडाचा नाही."

गावात मास्तरांना मान होता, पण ते घरी आलेले कोणालाच आवडत नसत. याचं कारण तारा. तीस वर्षांत आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी घरांचं मरण आधी त्यांच्या कानावर पडलं होतं आणि मग त्या घराला कळलं होतं. तार नेऊन द्यायला शिपाई असे, पण ओळखीचं घर असलं तर मास्तर स्वतः जायचे. निवृत्त झाल्यावर एकदा ते पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांकडे सत्यनारायणाचं बोलावणं करायला गेले. फाटक उघडलं, तोंड उघडायच्या आत वकिलांच्या आईने किंकाळी फोडली, सुना धावत आल्या आणि मुंबईला शिकणाऱ्या मुलाच्या नावाने अख्खं घर रडायला लागलं. मास्तर हातात अक्षता घेऊन उभे. त्यांचं कोणी ऐकेना. शेवटी वकील कोर्टातून आले, तेव्हा घर गप्प झालं.

त्या दिवसापासून मास्तरांनी रीत ठेवली. कोणाच्याही फाटकापाशी गेले की आत पाऊल टाकायच्या आधी खणखणीत आवाजात ओरडायचे, "सगळे जिवंत आहेत!" मग खाकरायचे आणि आत जायचे. मी नवीन होते. पहिल्या आठवड्यात भाड्याची पावती द्यायला ते असे ओरडून आले, तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं खाली पडलं.

सगळं बंद करता यावं या मास्तरांच्या वेडाच्या मुळाशी काहीतरी दुःख असणार, असं मला वाटायचं. मराठी शिकवणाऱ्या बाईला प्रत्येक विक्षिप्त माणसाच्या पोटात दुःख दिसतं. एकदा शेंगा निवडताना मी काकूंना हळूच विचारलं, "काकू, मास्तरांच्या आयुष्यात काही झालं होतं का? आग वगैरे?"

"कायची आग?" काकू म्हणाल्या. "काही दुःखबिख नाही, पोरी. लहानपणापासून असाच हाय हा मानूस. सासूबाई सांगत, पाळना हलवला का रडे अन् थांबवला का हासे."

आता मोटारीकडे येते.

आमच्या ह्यांना मोटारींचं वेड. खात्यातला एक अधिकारी बदलून जाताना त्याची जुनी विलायती मोटार इथेच टाकून गेला. दोन दारांची, छोटी, कोंबडीसारखी खुरडत चालणारी. ह्यांनी ती मास्तरांच्या रिकाम्या गोठ्यात आणून ठेवली आणि रोज कचेरीतून आले की तिच्या पोटाखाली शिरू लागले. त्याच सुमाराला गावातल्या चार हौशी मोटारवाल्यांनी ठरवलं, की संक्रांतीनंतर गावाबाहेरच्या माळावर मोटारींची शर्यत लावायची. कापसाच्या एका जिनवाल्याची लांबलचक मोटार, एका ठेकेदाराची जीप, एका डॉक्टरांची गाडी, आणि ह्यांनी आमचंही नाव देऊन टाकलं. आठ फेऱ्या, जिंकेल त्याला चांदीचा पेला.

शर्यतीसाठी ह्यांनी मोटारीचं छप्पर काढलं, मागची बैठक काढली. मास्तर गोठ्याच्या दारात उभे राहून रोज पाहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे बंद कसं होते?"

"किल्लीनं," हे मोटारीखालून म्हणाले.

"किल्ली कुठं?"

"आत. स्टिअरिंगजवळ."

"अन् तुम्ही उलटे पडले तं?"

हे हसले. "मी कशाला उलटा पडतोय, मास्तर?"

"पडले तं! तुम्ही खाली, मोटार वर, इंजिन चालू, पेट्रोल सांडून राह्यलं. बाहेरचा मानूस काय करन? तुम्हाले उठवून किल्ली मागन?"

 मास्तरांनी मग बॅटरी कुठे आहे ते विचारलं. ती चालवणाऱ्याच्या बैठकीखाली होती. "मानूस बॅटरीवर बसते?" मास्तर दोन पावलं मागे सरकले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी सकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एका बंद पडलेल्या जिनमधून जुना खटका घेऊन आले. चिनीमातीच्या पाटावर बसवलेलं तांब्याचं एक पातं. ते खोबणीत बसलं की वीज चालू, उचललं की बंद. तो खटका बॅटरीच्या जाड तारेत बसवायचा, पात्याला दोरी बांधायची, दोरी मोटारीच्या डाव्या बाजूने बाहेर काढायची आणि टोकाला लाल कापड गुंडाळलेली लोखंडी कडी लावायची. बाहेरच्या कोणीही कडी ओढली की मोटार मेली पाहिजे.

"शर्यतीत मोटार पळावी म्हणून लोक तयारी करतात," हे मला म्हणाले. "हे ती बंद पडावी म्हणून करतायत."

पण गोठा मास्तरांचा होता. खटका बसला.

प्रयोगाला मास्तरांनी सगळी गल्ली बोलावली. दिवेलागणीची वेळ निवडली, कारण वीज गेलेली लोकांना डोळ्यांनी दिसली पाहिजे. मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे लावले. ह्यांनी इंजिन सुरू करून चांगलं गुरगुरत ठेवलं. मास्तरांनी कोटाची बटणं लावली, लोकांकडे वळून "पाहा" म्हणाले आणि कडी ओढली.

इंजिन थांबलं नाही. उलट दोन्ही दिवे एकदम भडकले. आधी पिवळे होते ते पांढरेफेक झाले, समोरच्या भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या सावल्या उभ्या राहिल्या, आणि मग डावा दिवा फट् झाला, पाठोपाठ उजवा फट्. अंधारात मोटार सुखाने गुरगुरत राहिली.

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, दिवाळी तं होऊन गेली ना बाप्पा!"

मास्तर घरात निघून गेले. तीन दिवस ते अंगणात आले नाहीत. काकू सांगायच्या, तारेच्या जुन्या वह्या काढून बसले आहेत. तीस वर्षं बॅटऱ्या सांभाळलेला माणूस, बॅटरी तोडली आणि वीज वाढली, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

चौथ्या दिवशी ते बसस्टँडजवळ बॅटऱ्या भरून देणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. मीही बॅटरीचं पाणी आणायला तिथेच गेले होते. आपल्याहून वीस वर्षांनी लहान माणसाला विचारायचं म्हणजे मास्तरांना मरण. त्यांनी आधी मिस्त्रीच्या बकरीची चौकशी केली. मग म्हणाले, "एका मानसाची मोटार आहे..."

"मास्टर, मैं उस दिन वहीं खड़ा था," मिस्त्री म्हणाला.

 मिस्त्रीने त्यांना स्टूल दिलं आणि न हसता समजावलं. "बॅटरी का काम सिर्फ जगाना. गाड़ी एक बार जाग गई, फिर इंजिन पे जो डायनमो है वो खुद कमाता है, खुद खिलाता है. आपने बॅटरी काटी, पर ठिणगीवाली तार को डायनमो से मिलता रहा. तो इंजिन क्यूं रुके? और बॅटरी नहीं रही, तो डायनमो की कमाई रखनेवाला कोई नहीं रहा. सब बत्ती में गई."

मास्तर बराच वेळ बकरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोन ठिकाणी कापायले पाह्यजे. जागवनारी बी, अन् ठिणगीची बी."

"एक झटके में."

"एका झटक्यात," मास्तर म्हणाले, आणि मी पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला होता. परत येताना ते माझ्याही पुढे चालत होते.

दुसरा खटका दोन पात्यांचा होता. एक पातं जाड तारेत, दुसरं ठिणगीच्या बारीक तारेत, आणि दोन्ही पाती एकाच दांडीला. पेट्रोलची टाकी पुढे बॉनेटखाली होती म्हणून खटका त्यांनी पार मागे नेला, आणि उघडताना उडणारी ठिणगी बाहेर येऊ नये म्हणून सागाच्या पेटीत बंद करून झाकणाच्या फटी मेणाने बुजवल्या. या वेळी त्यांनी कोणाला बोलावलं नाही. फक्त आम्ही तिघं होतो. कडी ओढली. मोटार जागच्या जागी गप्प झाली. अशी शांतता झाली की शेजारच्या घरातलं जातं ऐकू आलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. देवळात मिटतात तसे.

आणि मग कवायत सुरू झाली. बाहेरच्या माणसाने ओढायचं, तर बाहेरच्या माणसाला यायला नको? जो कोणी फाटकातून आत येई त्याला मास्तर गोठ्यात नेत, डोळे मिटायला लावत आणि मोजत, "एक, दोन, तीन, ओढा!" तीनच्या आत कडी सापडली पाहिजे. पोस्टमनने ओढली, दूधवाल्याने ओढली. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका मला एक निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांनीही पदर खोचून ओढली. मी तर रोज सकाळ-संध्याकाळ. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मी बी ओढू का?"

"तुले नाही जमत," मास्तर म्हणाले. "तू ओढता ओढता बोलशीन."

या कवायतीने आमच्या घरात भांडण झालं. झालं असं, की एका रविवारी हे मोटार घेऊन आठवडी बाजारातून हळूहळू चालले होते. समोरून दूधवाला आला. त्याला लाल कडी दिसली. शिकवलेलं विसरायचं नाही म्हणून त्याने जाता जाता ती ओढली. मोटार कांद्यांच्या ढिगात बंद पडली. कांदेवाली ओरडते आहे, मागे बैलगाड्या तुंबल्या आहेत, आणि दूधवाला डोळे मिटून उभा, आनंदाने विचारतो, "तिनात झालं का, साहेब?"

हे घरी आले ते लाल होऊन. "मास्तर, ती कडी काढा. शर्यतीत कोणी पोरकटपणा केला तर?"

"कडी निघनार नाही."

"मोटार माझी आहे."

"जीव बी तुमचाच आहे. पन तो तुम्हाले सांभाळता येत नाही," मास्तर म्हणाले आणि आत गेले. आठ दिवस दोघं बोलत नव्हते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी पूजेचं ताट घेऊन माळावर मोटारीजवळ गेले, तेव्हा मला दिसलं. ह्यांनी कडी सुतळीने दाराच्या मुठीला घट्ट बांधून टाकली होती. चार वेढे आणि वर गाठ. आता जगातल्या कोणालाही ती ओढता आली नसती. हे डोळ्यांवर चष्मा चढवून, समोर बघत, स्टिअरिंग धरून बसले होते.

सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर भांडण झालं असतं. मी बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, मग ओवाळत ओवाळत डाव्या बाजूला गेले आणि वाकून गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. माझी नखं छोटी. वेळ जात होता. शेवटी मी ताट खाली ठेवलं, गुडघ्यावर बसले आणि दातांनी सुतळी तोडली. ह्यांना वाटलं मी नमस्कार करते आहे. मंडपात परत आले तेव्हा जिनवाल्यांच्या बाईंनी मला कुतूहलाने विचारलं, "तुमच्या साताऱ्याकडं मोटारीले चावतात का हो?"

मी हो म्हणाले.

मास्तर मंडपात नव्हते. त्यांनी आदल्या दिवशी अख्खा माळ पायी फिरून ठरवलं होतं, की मोटार उलटलीच तर कोरड्या नाल्याजवळच्या वळणावर उलटेल. म्हणून ते सकाळपासून तिथे जाऊन उभे होते. काकूही त्यांच्याबरोबर, कारण मंडपातल्या बायकांनी त्यांना दोनदा गप्प बसा म्हटलं होतं.

शर्यत सुरू झाली. धूळ एवढी, की कोण पुढे कोण मागे काही कळेना. जीप पुढे होती बहुतेक. पाचव्या फेरीला आमची मोटार दुसरी होती, हे मला तिच्या शिंकल्यासारख्या आवाजावरून कळलं. सहाव्या फेरीत तो आवाज वळणाकडे गेला आणि एकदम बदलला. एक लांब घासल्याचा आवाज, मग धप्प. मग इंजिनचा मोकाट, किंचाळल्यासारखा आवाज.

मी धावले. चप्पल कुठे गेली ते आठवत नाही. धावताना मला एवढंच कळत होतं, की तो आवाज चालू आहे. आणि मी मंडपापासून थोडी पुढे गेले असेन, तोच तो थांबला. एकदम, कापल्यासारखा.

मोटार उजव्या कुशीवर पडली होती. हे खाली अडकलेले, तोंड पांढरं, पण डोळे उघडे. टाकीच्या झाकणातून पेट्रोल मुरमावर ठिबकत होतं. आणि मोटारीच्या वर आलेल्या डाव्या बाजूला, पदर खोचलेल्या काकू उभ्या होत्या. कडी दोरीसकट त्यांच्या हातात आली होती. आणि त्या बोलत होत्या. "काही होत नाही रे बाबू, हालू नको, हे पाहा लोकं आले, अरे बिडी फेक ती मुडद्या, दिसत नाही काय पेट्रोल, हालू नको बाबू..."

लोकांनी मोटार उचलली, ह्यांना बाहेर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटलेलं. इतक्यात गर्दीला दहा पावलांवर उभे असलेले मास्तर दिसले. खटका त्यांचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दहा-बाराजणांनी त्यांना खांद्यावर उचललं. "तारमास्तर की जय!" मास्तर वरून हात हलवत ओरडत होते, "मी नाही! मी नाही!" लोकांना वाटलं केवढा नम्र माणूस. त्यांनी आणखी जोरात जय म्हटलं. ठेकेदाराला तर काहीच पत्ता नव्हता. त्याने धुळीतून जीपच्या उरलेल्या दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि रिकाम्या मंडपासमोर येऊन पेला मागितला.

दवाखान्यात ह्यांना प्लॅस्टर घातल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "मी कडी बांधून ठेवली होती," ते म्हणाले. "मग ओढली कशी?"

"मी चावले," मी म्हणाले. त्यांना ते भूल उतरत असल्यामुळे नीट कळलं नाही असं मला वाटलं. पण त्यांनी माझा हात सोडला नाही.

बाहेर व्हरांड्यात मास्तर बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. मी शेजारी बसले. 

"मी दहा पावलांवर होतो, बाई," ते म्हणाले. "बराबर त्याच जागी. माहा हिशोब चुकला नाही. मोटार उलटली अन् माह्ये पायच उचलले नाहीत. मी उभा राहून मोजत राह्यलो."

"काय मोजत?"

"एक, दोन, तीन." त्यांनी टोपी फिरवली. "लोकायले शिकवलं ना. सवय. अकरापर्यंत मोजलं मी."

 मी म्हणाले, "मास्तर, खटका तुम्ही केला नसता तर..."

"खटका भिंतीवर बी असते," मास्तर म्हणाले. "ओढनारा लागते."

ह्यांचा खांदा बरा व्हायला होळी आली. मोटार दुरुस्त झाली, पण शर्यतीचं नाव ह्यांनी पुन्हा काढलं नाही. एक दिवस हे काकूंना म्हणाले, "काकू, तुम्हाला काय देऊ सांगा. साडी, बांगड्या, काय पाहिजे ते."

काकूंनी विचारही केला नाही. "मले माह्या माह्यरी घेऊन चाला. मोटरीत. पुढच्या सीटवर."

काकूंचं माहेर बोरी अरब. रविवारी आम्ही निघालो. हे चालवायला, काकू त्यांच्या शेजारी, मागे पुन्हा बसवलेल्या बैठकीवर मी आणि मास्तर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलले होते. काकू प्रत्येक गावाचं नाव आणि तिथल्या प्रत्येक नातेवाइकाचं आजारपण सांगत होत्या. मास्तर गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून बसले होते. छोट्या मोटारीत बसायची त्यांची पहिलीच वेळ होती, हे त्यांनी मला तिथे पोचल्यावर सांगितलं.

काकूंच्या भावाचा मोठा वाडा होता. अंगणात बसायला बाजा टाकलेल्या. बघता बघता सगळी आळी जमली. काकू मधोमध बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोटार कशी उडाली, कशी पडली. ती माणसाइतकी उंच उडाली नव्हती, पण आम्ही कोणी अडवलं नाही. "अन् मी उभी, मले काही सुधरेना," काकू म्हणाल्या, "तं मागून यांचा आवाज आला, एक, दोन, तीन! मले वाटलं मलेच सांगून राह्यले. तिनावर म्या ओढली पाहा!"

मास्तरांनी मान वर केली. हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. दोन महिने एका घरात राहून काकूंनी बाकी सगळं सांगितलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

भावाचे डोळे भरून आले. तो आत गेला आणि नवा केशरी फेटा घेऊन आला. "जावईबापूंनी खटका केला, जावईबापूंनी हुकूम देला. मानूस वाचवला. आमच्या घराची इज्जत वाढवली." त्याने मास्तरांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि फेटा बांधला. बायकांनी ओवाळलं. हातात नारळ दिला.

मास्तर उठून उभे राहिले. मला वाटलं दोन शब्द बोलतील. त्यांनी दोन्ही हातांनी फेटा तसाच्या तसा उचलला, बाजेवर बसलेल्या काकूंपाशी गेले आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. काकू बसलेल्या होत्या म्हणून त्यांचा हात पोचला.

 एवढ्या माणसांत नवऱ्याने बायकोच्या डोक्यावर फेटा ठेवलेला त्या गावाने कधी पाहिला नव्हता.

"अहो जावईबापू," भाऊ कसाबसा म्हणाला, "फेटा जावयाचा असते."

"म्या मोजलं," मास्तर म्हणाले. "मोजनारा कोनीबी भेटते. ओढलं हिनं. ज्याचं काम, त्याचा फेटा."

काकूंचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता. कोपऱ्यातून त्यांची म्हातारी आई हसायला लागली. दात नसलेलं, खदखदून हसणं. मग सगळेच हसले. काकूही हसल्या, पण डोळ्यांना पदर लावून.

परतताना ऊन कललं होतं. काकू पुढच्या सीटवर, डोक्यावर केशरी फेटा. मला वाटलं गाव मागे पडलं की काढतील. नाही काढला. वाटेतली गुराखी पोरं मोटारीमागे धावली, बैलगाडीवाले थांबून बघत राहिले. यवतमाळात शिरलो, बसस्टँडापाशी दोन गाड्यांची माणसं उभी होती. सगळी वळून वळून बघायला लागली. काकू जराशा संकोचल्या आणि खाली बघायला लागल्या.

मागून मांडीवर नारळ धरून बसलेले मास्तर पुढे वाकले.

"मान ताठ ठेव," ते म्हणाले. "सैल बांधला तुह्या भावानं. पडीन."

काकूंनी मान ताठ केली.